सत्त्याण्णव दिवस

गौरव्वाच्या समाधीचं नाव सभेत कुणी काढलं नाही. पण सगळ्यांच्या डोक्यात तेच आहे, हे मल्लाप्पाला कळलं.

दूध संस्थेच्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसं बसली होती. सगळी सडा बचाव समितीची, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या पठारासाठी भांडणारी. डॉ. शाहीन मुजावर म्हणून मातीचा अभ्यास करणारी बाई इचलकरंजीहून आली होती. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. सड्याच्या मातीत खणलेला आणि त्याच मातीनं बुजवलेला एखादा खड्डा आहे का? बुजवल्याची तारीख कागदावर हवी, आणि सड्यावर कॉटेजेस बांधणाऱ्या कंपनीलाही ती नाकारता येऊ नये.

कुणी विजेच्या खांबाचं नाव घेतलं, पण खांबाच्या खड्ड्यात काँक्रीट होतं. कुणी शेततळं सुचवलं, तर तिथं बाहेरची माती. पाण्याच्या पाइपची चर होती, पण ती कधी बुजवली ते ठेकेदारालाही आठवत नव्हतं. मग जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला.

मल्लाप्पा तोडकर सहासष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्यानं बोअरमध्ये मोटारी सोडल्या आणि काढल्या होत्या. सभेत तो कधी बोलत नसे. बोलायचं काम बायकोचं. गौरव्वा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ही समिती तिनंच काढलेली.

"आमच्या रानात आहे की," तो म्हणाला. "गौरीला ठेवलंय तिथं. माती सड्याचीच. तारीख ग्रामपंचायतीत आहे. दोनशे माणूस होतं, फोटो आहेत."

कुणीच मान वर केली नाही. शाहीननं वही मिटली.

"काका, मी मागितलं नव्हतं."

"मागितलं न्हाई म्हणूनच देतोय."

तोडकर लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. पुरुषभर खोल खड्डा घेतात, तळाशी बाजूला कोनाडा कोरतात, त्यात माणसाला बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहतात आणि माती लोटतात. गौरव्वाला भर दुपारी, उन्हात, ठेवलं होतं. शाहीनच्या यंत्राला नेमकं हेच हवं होतं.

यंत्र भजनातल्या पेटीएवढं. समितीतल्या पोरींनी त्याला काळोखमापी नाव दिलं होतं. ते काय करतं हे शाहीननं मल्लाप्पाच्या ओट्यावर बसून एकदा समजावलं होतं. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. मातीत किरणं सोडणारी द्रव्यंही असतात, सगळ्याच मातीत, अगदी थोडी. कण अंधारात गाडला गेला की ही किरणं त्याच्यात हळूहळू ऊर्जा भरत राहतात. कणाला ऊन लागलं की भरलेलं सगळं क्षणात निघून जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पेटीत त्या कणावर ठरावीक प्रकाश टाकला की तो साठवलेली ऊर्जा सोडतो, मिणमिणतो. तो मिणमिणाट मोजायचा. जितका जास्त, तितके दिवस तो कण काळोखात होता. पूर्वी या मोजणीत वर्षांची चूक व्हायची. आता ही पेटी हजारो कण एकेक करून मोजते, त्यामुळं चूक चार-दोन दिवसांवर आली होती.

"म्हणजे मोबाइल चार्जिंगला लावल्यागत," मल्लाप्पा म्हणाला होता.

"अगदी तसंच. फक्त चार्जर किती जोराचा आहे ते प्रत्येक मातीत वेगळं असतं."

कंपनीच्या वकिलानं नेमकं हेच पकडलं होतं. गवळदेवच्या सड्यावर चार वर्षांपूर्वी, एक मे रोजी, पर्वतीय उद्यान जाहीर झालं. त्यानंतर तिथं वीट ठेवायलाही बंदी होती. तरी सड्याच्या कडेला कंपनीची चौदा कॉटेजेस उभी होती. कंपनी म्हणे, जोती आम्ही त्याच साली मार्चमध्ये घातली, उद्यानाआधी. ग्रामपंचायतीचा एक कागदही त्यांनी काढला होता. गावाला ठाऊक होतं की काम पावसात झालं. पावसाळ्यात चार महिने सडा ढगात असतो, वर कुणी जात नाही, आणि उपग्रहाच्या चित्रात दगडांमध्ये दगडच दिसतात. शाहीननं जोत्यांखालची माती काढून मोजली, तर ऑगस्टच्या तोंडाचा दिवस आला. उद्यान जाहीर झाल्यानंतर तीन महिन्यांचा.

सुनावणीत कंपनीचे वकील सरनोबत शांतपणे उठले होते. जांभ्याच्या मातीत तुमचा चार्जर किती जोराचा आहे हे तुम्ही प्रयोगशाळेत अंदाजानं ठरवलंत, असं ते म्हणाले. याच मातीत, ज्याची तारीख आम्हालाही मान्य आहे अशा जागी मोजून दाखवा. बरोबर आलं तर आम्ही गप्प बसू. सुनावणी घेणाऱ्या तपास समितीनं वीस दिवस दिले होते.

मल्लाप्पाची मुलगी शैला बेळगावला नर्स होती. फोनवर ती आधी चिडली. अव्वा जिवंत होती तेव्हा या समितीनं तिला घरात टिकू दिलं नाही, आता मेल्यावर तरी सोडा म्हणाली. मग बराच वेळ फोनवर नुसता वॉर्डातला आवाज येत राहिला. शेवटी म्हणाली, "अव्वा असती तर तिनंच पहार हातात घेतली असती. मी येते. मी असल्याशिवाय हात लावू नका."

ती आली. कंपनीचा माणूस, तलाठी, दोन पंच असे सगळे रानात जमले. शाहीन आधी समाधीसमोर ओंजळ धरून काहीतरी पुटपुटली, आणि मग मल्लाप्पाला म्हणाली, "आपण फक्त अडीच फुटांवरची माती घेऊ. त्याखाली जायचं नाही. माझी अम्मी पण मातीतच आहे, काका."

अडीच फूट म्हटल्यावर मल्लाप्पाचा हात आपोआप आपल्या खांद्याकडं गेला.

शाहीननं नियमाप्रमाणं विचारलं. पंचांसमोर, कागदावर लिहून घेण्यासाठी. "माती लोटल्यानंतर आजपर्यंत इथं कुणी खणलंय का? रोप लावायला, काही पुरायला?"

शैला त्याच्या शेजारीच उभी होती. तिचा हात त्याच्या दंडावर होता.

"न्हाई," मल्लाप्पा म्हणाला.

नळी त्यानंच ठोकली. स्टीलची, दोन्ही तोंडांना काळं झाकण असलेली. मातीला उजेड लागू नये म्हणून वर काळं कापड धरलं होतं. मल्लाप्पानं आयुष्यात हजारो पाइप जमिनीत घातले असतील. हा घालताना त्याला हातोड्याचा प्रत्येक घाव मोजता आला.

पाच दिवसांनी शाहीन एकटीच आली. ओट्यावर बसली. चहा नको म्हणाली.

"काका, सत्त्याण्णव दिवस कमी येतायत."

मल्लाप्पा तिच्यासमोर बसला.

तिनं सांगितलं. गौरव्वाला माती देऊन अकराशे दिवस झालेत, आणि पेटी म्हणते एक हजार तीन. पाच वेळा मोजलं. समाधीची तारीख तर पक्की. म्हणजे आपण धरला होता त्यापेक्षा इथला चार्जर मंद आहे, असाच अर्थ निघतो. तो मंद धरला की जोत्यांचा हिशेबही मागं सरकतो. थेट मार्चच्या मध्यावर जातो.

"कंपनी म्हणते तिथं," मल्लाप्पा म्हणाला.

"हो. आपण दिलेल्या पुराव्यानं आपणच हरतोय." तिचे डोळे लाल झाले होते. "मला आकडा लपवता येणार नाही, काका. सोमवारी मी तो देणार. तुम्हाला आधी सांगायला आले."

ती गेल्यावर मल्लाप्पा रानात गेला. तीन महिन्यांनी काय फरक पडतोय, असं त्याला वाटलं होतं. इतकं बारीक कोण मोजतंय?

तो चष्म्याचा विचार करत बसला.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये कंपनीच्या फाटकावर धक्काबुक्की झाली आणि गौरव्वाचा चष्मा फुटला. गडहिंग्लजला दुकानात टाकला. चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला, तयार आहे. मल्लाप्पा त्याच दिवशी मोटारीचं बुश आणायला गडहिंग्लजला चालला होता. गौरव्वानं बजावलं, येताना चष्मा आणा. बुश घेतलं. चष्म्याचं दुकान पेठेच्या दुसऱ्या टोकाला होतं. एका गिऱ्हाइकाची मोटार अडकली म्हणून फोन आला आणि तो तसाच निघाला. रात्री म्हणाला, उद्या आणतो. तिनं नेहमीसारखं तोंड सोडलं. तुमच्या मोटारीचे डोळे फुटले असते तर रात्रीचे धावला असता, असं म्हणाली. तो हसला.

सकाळी कुणीतरी सांगत आलं की सड्यावर पुन्हा जेसीबी चढलाय. ती पदर खोचून निघाली. दिसत नाही तर जाऊ नको, तो म्हणाला.

"जेसीबी दिसायला चष्मा कशाला लागतोय?"

हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. कॉटेजेसच्या मागं नव्यानं काढलेली चर होती. जांभ्यावर जांभ्याचीच सावली. तिला ती दिसली नाही. डोकं आपटलं. खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं. ती चर कंपनीनं आठवड्यात बुजवली.

शैलाला त्यानं सांगितलं, चष्मा पडताना कुठंतरी गेला. शोधला, सापडला नाही.

दुकानवाला फोन करत राहिला. मे, जून, जुलै. मल्लाप्पा उचलत नसे. शेवटी नागपंचमीला तो गेला. दुकानदारानं वहीत तारीख घालून सही घेतली, चष्मा पुसला, डबीत ठेवला आणि बाई कशा आहेत विचारलं. बऱ्या आहेत, मल्लाप्पानं सांगितलं.

नागपंचमीला कुणी जमिनीला लोखंड लावत नाही. नांगर नाही, विळा नाही, घरात भाजी चिरायलाही विळी घेत नाहीत. सगळी रानं ओस असतात. म्हणून त्यानं तोच दिवस धरला. लोखंड त्यानंही लावलं नाही. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी माती उकरली. नखं फुटली. वाट पाहणाऱ्या माणसापर्यंत पोचायचं असतं तसा तो उकरत राहिला आणि खांद्याएवढा हात आत गेल्यावर थांबला. त्याच्याखाली जायची छाती झाली नाही. तिथं चष्मा ठेवला. मग ढेकळं हातानं फोडून, मऊ करून, माती परत लोटली. दगड लागू नयेत म्हणून. त्या मऊ मातीतल्या प्रत्येक कणाला त्या दिवशी ऊन लागलं होतं.

समाधी उकरली हे कुणाला सांगायचं? भावकीनं काय म्हटलं असतं? भावकीचं सोड, शैलाला काय सांगायचं? चष्मा पुरला म्हटलं की कुठून आणला हे येणार. कुठून आणला म्हटलं की कधी तयार होता हे येणार.

सोमवारी तालुक्याच्या सभागृहात शाहीननं आकडा वाचला. तिचा आवाज सपाट होता. सरनोबत वकील हसले नाहीत. ते फक्त म्हणाले की मॅडमनी प्रामाणिकपणे काम केलं याबद्दल आम्ही आभारी आहोत, या मोजणीनं आमचं म्हणणं सिद्ध झालं, आता प्रकरण मिटावं. बचाव समितीच्या बाकांवर कुणीतरी हुंदका दिला.

मल्लाप्पा उभा राहिला. अध्यक्षांनी नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मयताशी नातंही सांगितलं.

"साहेब, मशीन बरोबर आहे. खोटं मी बोललो."

मग तो सगळं बोलला. सरळ, थांबत थांबत, एखाद्या बोअरमध्ये मोटार कशी अडकली ते सांगावं तसं. दुकानाचं नाव सांगितलं, वहीतली सही सांगितली. चष्मा आदल्या दिवशी तयार होता आणि मी आणला नाही, हेही सांगितलं. सांगताना तो अध्यक्षांकडे बघत होता. शैला दुसऱ्या रांगेत होती. तिकडं त्यानं मान वळवली नाही.

सरनोबतांनी विचारलं, "आकडा विरुद्ध गेल्यावर ही गोष्ट आठवली का तुम्हाला?"

"आठवायला विसरलो कुठं होतो?" मल्लाप्पा म्हणाला. "खणून बघा. तीन फुटांवर हाय."

सभागृह रिकामं होताना त्यानं शैलाला शोधलं. ती बाहेर पायरीवर उभी होती. त्याला बघून म्हणाली, "तीन वर्षं मी सड्यावर येऊन तो चष्मा शोधत होते, आप्पा. दर सुट्टीला. दगड उलटे करून." एवढंच बोलून ती स्टँडकडे गेली. घरी आली नाही, थेट बेळगावची गाडी धरली.

तिसऱ्या दिवशी पंचांसमोर समाधी तीन फूट उघडायची ठरली. कंपनीनं दोन मजूर आणले होते. मल्लाप्पानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गुडघे टेकले आणि पुन्हा हातानं उकरू लागला. सगळे उभे राहून बघत होते. शाहीन थोड्या वेळानं त्याच्यासमोर बसली आणि तीही उकरू लागली. कुणी तिला अडवलं नाही.

चष्म्याची डबी पत्र्याची होती. गंजून लाल झालेली. उघडली तर आत चष्मा तसाच. दुकानदारानं पुसून दिलेला. काचेवर एक डागही नव्हता.

पंचांनी फोटो काढले, नंबर टाकला, चष्मा पाकिटात घालून लाख लावली. मल्लाप्पानं विचारलं, आता परत ठेवू का? तलाठी म्हणाला, मुद्देमाल आहे, निकाल लागल्यावर मिळेल.

दुकानाची वही आली. नागपंचमीची तारीख आली. काळोखमापीच्या आकड्यात आणि वहीतल्या तारखेत दोन दिवसांचा फरक होता. प्रयोगशाळेत धरलेला चार्जर बरोबर ठरला आणि जोती ऑगस्टमध्येच आली. तपास समितीनं जूनच्या शेवटी चौदाही बांधकामं पाडायचा आदेश दिला. गावात फटाके वाजले. मल्लाप्पाला कुणी बोलवायला आलं नाही, आणि तेही समजण्यासारखं होतं. भावकीतले दोन-तीन जण मात्र नागपंचमीला माती उकरणारा म्हणून त्याच्याशी बोलेनासे झाले.

कंपनी वरच्या कोर्टात गेली. पाडकामाला स्थगिती मिळाली नाही, पण खटला चालू राहिला. म्हणजे चष्मा पाकिटातच राहिला. मल्लाप्पा दोनदा अर्ज घेऊन गेला. कारकुनानं दोन्ही वेळा आदरानं खुर्ची दिली आणि नाही म्हणाला. शाहीन फोन करी, काका, मी प्रयत्न करतेय. तो म्हणे, असू दे पोरी.

शैलाचा फोन नव्हता. तो करी, ती उचलत नसे. ती आपल्यावरच गेलीय, असं त्याला वाटे.

गणपती झाल्यावर पावसानं उघडीप दिली तसं पाडकाम सुरू झालं. सड्यावर यंत्र चढवायला परवानगी नव्हती, म्हणून माणसं घणांनी जोती फोडत होती. आवाज खाली रानापर्यंत येई. रविवारी मल्लाप्पा समाधीपाशी गेला. तिथून वरची कड दिसते. त्याला नीट दिसत नव्हतं. त्याच्याही डोळ्यांत गेल्या वर्षीपासून मोतीबिंदू होता, आणि तो दाखवायला गेला नव्हता.

तो खाली बसला. समाधीवरची माती खचून थोडी खोलगट झाली होती. ती त्यानं हातानं सारखी केली.

"चष्मा त्यांच्याकडं आहे," तो म्हणाला. "मिळेना. म्हणून मीच सांगतो. गेंद फुललाय सगळीकडं, पांढरा. सीतेची आसवंही आली असतील, निळं निळं काहीतरी दिसतंय पाण्याजवळ. तू फुलांची नावं घ्यायचीस, मला एवढीच येतात."

वर घण पडत होते. तो डोळ्यांवर हात धरून कडेकडं बघत राहिला. एक भिंत होती तिथं आभाळ दिसत होतं.

"तीन पाडलीत," तो म्हणाला. "डावीकडनं तीन."

"चार."

त्यानं वळून बघितलं. शैला बांधावर उभी होती. खांद्यावर पिशवी, पायात बेळगावचे बूट, चिखलानं भरलेले. चेहरा आईसारखाच, शाळेत चुकलेलं गणित बघताना व्हायचा तसा. ती त्याच्याजवळ आली नाही. समाधीच्या दुसऱ्या अंगाला बसली.

"चौथं झाडाच्या मागं आहे," ती म्हणाली. त्याच्याकडं न बघता, कडेकडं बघत. "सांगायचं तर तिला नीट सांगा, आप्पा."

मल्लाप्पानं मातीवर हात ठेवला.

"चार," तो म्हणाला.